उशिरा सापडलेला बँड नीट कसा ऐकावा : 'बिग स्टार' समोर ठेवून एक क्रमवार पद्धत

माझ्या ओळखीच्या चार-पाच जणांनी एकच चूक अगदी एकाच पद्धतीने केलेली मी पाहिली आहे. कुणीतरी एखाद्या जुन्या रॉक बँडचे नाव सुचवतो, ऐकणारा ॲप उघडतो, सर्वाधिक ऐकली गेलेली पाच गाणी भाजी निवडता-निवडता वाजवतो आणि "बरा आहे, पण एवढे काय त्यात?" असा निकाल देऊन मोकळा होतो. मीही हेच केले होते. अमेरिकेतील मेम्फिसचा 'बिग स्टार' हा बँड मी पहिल्यांदा ऐकला तो एका रविवारी सकाळी, ओट्यावरच्या तळहाताएवढ्या ब्लूटूथ स्पीकरवर, शेजारी चटणीसाठी मिक्सर फिरत असताना. आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर तो बँड माझ्या लेखी निकालात निघालेला होता.

ज्या बँडची गाणी रेडिओने आपल्यापर्यंत आणलीच नाहीत, त्यांच्या बाबतीत एक काम अपुरे राहिलेले असते. आज आपल्याला प्रिय असलेली बहुतेक जुनी गाणी आपण कुठे निवडून ऐकली होती? ती विविध भारतीवर, रिक्षात, न्हाव्याच्या दुकानात, लग्नाच्या मांडवात पंचवीस-तीस वेळा कानांवर पडली आणि त्यानंतर कधीतरी आवडू लागली. उशिरा सापडलेल्या बँडच्या वाट्याला ही उजळणी आलेली नसते. ती आपल्याला स्वतःच्या हाताने भरून काढावी लागते, आणि पुढील सर्व पायऱ्या त्या एकाच कामासाठी आहेत.

उदाहरणादाखल 'बिग स्टार' घेतला आहे, कारण त्याचा मूळ पसारा लहान आहे : १९७२, १९७४ आणि १९७८ साली निघालेले तीन अल्बम, आणि त्यांपैकी पहिले दोन प्रत्येकी चाळीस मिनिटांच्या आत संपणारे. समीक्षकांनी त्यांना वाखाणले होते. परंतु वितरणाच्या घोळात रेकॉर्ड दुकानांपर्यंत धड पोचलीच नाही आणि त्यामुळे रेडिओवरही गाणी रुळली नाहीत. दुसरा कोणताही बँड घेतला तरी पद्धत हीच राहील, फक्त दिवस वाढतील.

पायरी १ : ऐकण्यापूर्वीची तयारी

सर्वप्रथम, पहिल्या दोन अल्बमसाठी मिळून चार आठवडे हाताशी आहेत असे धरावे. एका शनिवार-रविवारात बँड 'संपवायचा' असेल तर हा लेख येथेच सोडलेला बरा.

उपकरणाचा फार बाऊ करू नये. आमच्या नाशिकच्या एम. जी. रोडवरील मोबाइलच्या दुकानांत मिळणारे वायरचे साधे इयरफोन या कामाला पुरतात. फोनला गोल जॅक नसेल तर टाइप-सीचे घ्यावेत किंवा जोडणीचा छोटा तुकडा घ्यावा. लहान ब्लूटूथ स्पीकर मात्र पहिल्या ऐकण्यासाठी वापरू नये. अशा स्पीकरमध्ये डावी-उजवी बाजू एकाच ठिकाणाहून येते, आणि ज्या संगीतात दोन-तीन गिटारी व दोन आवाज एकमेकांत गुंफलेले असतात, तेथे त्यांचा एकच गोळा होतो. माझ्या मिक्सरच्या रविवारी नेमके हेच झाले होते.

त्यानंतर ॲपची सेटिंग तपासावी. गाणी उलटसुलट क्रमाने लावणारे शफल, अल्बम संपताच भलतेच काही सुरू करणारे ऑटोप्ले आणि एका गाण्याचे शेपूट दुसऱ्यात मिसळणारे क्रॉसफेड, ही तिन्ही बंद असावीत. काही ॲप मोफत खात्यात गाणी क्रमाने वाजवू देत नाहीत. तसे असल्यास महिनाभराचे पैसे भरावेत किंवा यूट्यूबवर पूर्ण अल्बमची यादी शोधून ती वापरावी, मात्र तेथे मध्येच येणाऱ्या जाहिरातींची तयारी ठेवावी.

सावधान : इक्वलायझरमधील 'बास बूस्ट' अवश्य बंद करावा. या अल्बममध्ये सौंदर्य आहे ते गिटारीच्या किणकिणाटात आणि गळ्यांच्या जोडीत, आणि वाढवलेला खर्ज त्या दोहोंवर गोणपाट टाकतो. नाशिक ढोलावर वाढलेल्या आपल्या कानांना सुरुवातीला हे थोडे सपक वाटेल, त्याला इलाज नाही.

प्रवासात ऐकायचे असेल तर अल्बम आधी डाउनलोड करून ठेवावा. सकाळच्या पंचवटी एक्सप्रेसने मुंबईस जाताना इगतपुरी मागे पडले की कसाऱ्याच्या घाटातील बोगद्यांत नेटवर्क जाते, आणि गाणे नेमके रंगात आले असताना पडद्यावर ते फिरणारे वर्तुळ पाहत बसावे लागते.

शेवटची तयारी म्हणजे एक वही. फोनमधील टिपण चालेल, पण वही बरी, कारण टिपण्यासाठी फोन हातात घेतला की व्हॉट्सॲप उघडले जाते.

तपासणी : कोणतेही ओळखीचे गाणे लावून एकदा डावा आणि एकदा उजवा इयरफोन काढून पाहावा. दोन्ही बाजूंना वेगवेगळे काही ऐकू येत असेल तर पुढे जावे. एकच कान चालत असेल, तर पिन कापडाने पुसून पुन्हा नीट बसवावी.

पायरी २ : नेमका अल्बम शोधणे

येथे बहुतेक जण घसरतात. या बँडचे नाव मेम्फिसमधील एका किराणा दुकानांच्या साखळीवरून घेतलेले आहे आणि ते इतके सर्वसाधारण आहे की ॲपमध्ये 'बिग स्टार' टाकल्यावर भलतीच गाणी, भलतेच कलाकार पुढे येतात. केवळ बँडचे नाव न टाकता अल्बमचे नाव किंवा गायक ॲलेक्स चिल्टन याचे नाव जोडून टाकावे.

पहिल्या अल्बमचे नाव 'नंबर वन रेकॉर्ड'. इंग्रजीत ते हॅश चिन्ह आणि एकचा आकडा असे लिहिलेले असते. शब्दांत लिहून शोधले तर पुष्कळदा सापडत नाही. दुसऱ्याचे नाव 'रेडिओ सिटी', आणि आपल्याकडे हे नाव टाकताच त्याच नावाच्या एफएम वाहिनीचे कार्यक्रम समोर येतात, म्हणून बँडचे नाव सोबत हवेच. (रेडिओने न विचारलेल्या बँडचा शोध रेडिओच्या नावामुळे अडावा, हा योग काही औरच.) आवरणावर लालभडक छताचे छायाचित्र दिसले की अल्बम बरोबर आहे असे समजावे; ते विल्यम एगल्स्टन यांनी काढलेले आहे. गाण्यांच्या नावांतही खोडी आहेत : 'सप्टेंबर गर्ल्स' मधील दुसऱ्या शब्दात 'आय'ऐवजी मुद्दाम 'यू' लिहिलेला आहे.

यानंतर गाणी मोजावीत. पहिल्या अल्बमची मूळ गाणी बारा, दुसऱ्याचीही बारा. चोवीस गाणी दिसली तर तो दोन्ही अल्बम एकत्र केलेला जोडसंच आहे. तो वापरण्यास हरकत नाही, पण बाराव्या गाण्याला थांबावे. बाराच्या पुढे एखाद-दोन गाणी अधिक असतील तर ती नंतरच्या आवृत्तीत चिकटवलेली असतात आणि पहिल्या खेपेला ऐकायची नसतात. अल्बमखाली २००९ किंवा २०१४ असे साल दिसले तरी गोंधळू नये. ते पुनर्मुद्रणाचे साल असते.

रेकॉर्ड विकत घेण्याचा मोह तूर्त आवरावा. बाहेरून मागवलेली एलपी स्वस्त पडत नाही, आणि जो अल्बम आपल्याला चौथ्या आठवड्यात आवडेल की नाही हे ठाऊक नाही, त्यासाठी टर्नटेबलची सुई बदलत बसण्यात अर्थ नाही.

पायरी ३ : पहिले ऐकणे

'नंबर वन रेकॉर्ड'पासूनच सुरुवात करावी. घरात शांतता असेल अशी वेळ निवडावी. आमच्या कॉलनीत ती रात्री साडेनऊनंतर, मालिका संपल्यावर मिळते. खुर्चीत बसावे, फोन पालथा ठेवावा आणि पहिले गाणे लावावे.

सहा गाणी झाली की थांबावे. ही मूळ रेकॉर्डची पहिली बाजू आहे. उठून पाणी प्यावे, दोन मिनिटे गॅलरीत जावे आणि मग उरलेली सहा ऐकावीत. रेकॉर्ड उलटण्याचा हा विराम बँडने गृहीत धरलेला होता, आणि तो पाळला नाही तर सातवे गाणे सहाव्याचे शेपूट वाटू लागते.

या वेळी वहीत फार काही लिहू नये. प्रत्येक गाण्यापुढे फक्त एक खूण करावी : आवडले तर टिंब, नाही आवडले तर फुली, आणि काहीच वाटले नाही तर जागा कोरी सोडावी. माझ्या वहीतील त्या रात्रीच्या पानावर दोन टिंबे, तीन फुल्या आणि सात कोऱ्या जागा आहेत. आज त्या कोऱ्या जागांपैकी पाच गाणी मला तोंडपाठ आहेत.

कान कोठे लावायचा हे ठाऊक नसेल तर थोडी मदत करतो. पहिल्या गाण्यात गिटारींच्या मागून सॅक्सोफोन येतो, तो कधी येतो ते पाहावे. तिसऱ्यात गाईच्या गळ्यातल्या घंटेसारखे कणकण वाजणारे वाद्य शोधावे. चौथ्या, 'थर्टीन' या गाण्यात ढोलके-ड्रम काहीच नाही, केवळ गिटार आणि गळे आहेत, आणि तेवढ्यावर शाळकरी वयाचे प्रेम उभे केले आहे. सहाव्याचे नाव 'द इंडिया साँग'. आपल्याकडील श्रोते यादीत हे नाव दिसताच सर्वांत आधी त्यावर बोट ठेवतात आणि हिरमुसतात, कारण त्या गाण्यातील भारत जंगलातल्या मोठ्या पांढऱ्या घराच्या स्वप्नाइतकाच आहे. क्रमाने ऐकल्यास ते गोड वाटते.

सावधान : या रात्री निकाल देऊ नये. "कसा वाटला?" असे घरात कुणी विचारलेच तर "ऐकतोय" एवढेच सांगावे.

पायरी ४ : रेडिओचे काम स्वतः करणे

सर्वांत महत्त्वाची आणि सर्वांत जास्त बिघडवली जाणारी पायरी हीच.

वहीतून तीन गाणी निवडावीत : एक टिंबाचे, एक फुलीचे आणि एक कोरे. पुढील सात दिवस ही तीन गाणी दररोज दोनदा ऐकावीत, परंतु एकापाठोपाठ नव्हे. एक सकाळी चहा उकळताना, एक दुपारी डबा खाताना, एक रात्री कपड्यांच्या घड्या घालताना, अशी ती दिवसभरात विखरून टाकावीत आणि दोन गाण्यांमध्ये निदान तासाभराचे अंतर ठेवावे. या पायरीत मात्र तो छोटा स्पीकर, मिक्सर, कुकरची शिट्टी, सगळे चालते. रेडिओही आपण असाच ऐकत आलो. पहिल्या ऐकण्यात गाण्याची रचना कानांनी टिपलेली असल्यामुळे आता गोंगाटातही ते ओळखू येते.

इंदिरानगरात राहणाऱ्या माझ्या भाच्याला ही पद्धत सांगितली, तर तिसऱ्या दिवशी त्याचा फोन आला.

"मामा, ते गाणं काल अकरा वेळा ऐकलं. आता नकोच वाटतंय."

"अरे, सात दिवस ऐक म्हटलं होतं, एका दिवसात अकरा वेळा नाही."

गाणे लूपवर लावणे म्हणजे शिजत आलेल्या भातात सारखा डाव घालणे आहे. मधल्या तासांत, आपण दुसरेच काही करत असताना, मन ते गाणे अर्धवट आठवून पाहत असते, आणि पुढच्या वेळी ऐकताना विसरलेला भाग सापडल्याचा आनंद होतो. ते मधले तासच काढून टाकले तर उरतो केवळ कंटाळा.

आणखी दोन चुका वारंवार होतात. पहिली म्हणजे आवडलेले गाणे मोबाइलच्या गजराला लावणे. आठवड्याभरात त्याच्या पहिल्या सुरालाच राग येऊ लागतो. दुसरी चूक धोक्याची आहे : द्वारका किंवा मुंबई नाक्यावरून दुचाकी चालवताना कानात इयरफोन घालणे. गाणे घरी पोचल्यावरही तेच राहणार आहे.

दुसऱ्या आठवड्यात ही तीन गाणी बाजूला ठेवून नवीन तीन घ्यावीत. त्याच आठवड्यात एकदा पूर्ण अल्बम पुन्हा, शांतपणे, सहा-सहा गाण्यांच्या दोन बाजूंत ऐकावा.

तपासणी : सातव्या दिवशी आंघोळ करताना किंवा दुधाच्या रांगेत उभे असताना तीनपैकी एखाद्या गाण्याची ओळ न बोलावता मनात आली, तर काम सुरू झाले आहे असे समजावे. चौदा वेळा ऐकूनही फुलीचे गाणे फुलीचेच राहिले, तर ते सोडून द्यावे. रेडिओवरील प्रत्येक गाणे तरी आपल्याला कुठे आवडले होते?

पायरी ५ : शब्दांकडे वळणे

गाण्याचे बोल पहिल्या दिवशी उघडू नयेत. इंग्रजी गाणे ऐकताना आपण शब्द वाचायला लागलो की डोळे पुढे धावतात आणि कान मागे पडतात. एखादे गाणे निदान चार-पाच वेळा ऐकून झाल्यावर, ऐकू आले तसे बोल आधी वहीत देवनागरीत उतरवावेत आणि मगच खरे बोल पाहावेत. आपले ऐकणे किती वेळा भलतेच होते हे पाहून हसू येते, आणि दुरुस्त केलेली ओळ कायमची लक्षात राहते.

पायरी ६ : 'रेडिओ सिटी'

पहिल्या अल्बमवर दोन आठवडे घालवल्याशिवाय याला हात लावू नये. पहिल्या अल्बमनंतर ख्रिस बेल हा गायक-गिटारवादक बाहेर पडला होता, त्यामुळे चिल्टनसोबत उरलेले अँडी हमेल आणि जोडी स्टीफन्स अशा तिघांचाच हा अल्बम आहे. आवाजात मोकळी जागा आहे, कडा खरबरीत आहेत, आणि पहिल्या अल्बमची रेशमी जोडगळी येथे शोधू गेल्यास निराशा पदरी पडते.

यात बाजू समान नाहीत : पहिलीत पाच गाणी, दुसरीत सात. म्हणून विराम पाचव्यानंतर घ्यावा. पहिलेच गाणे साडेपाच मिनिटांहून मोठे आणि वाकडेतिकडे आहे. ते वगळून पुढे जाण्याची इच्छा होईल, पण तेथे टिकावे. आठव्या गाण्यात संथ सुरुवातीनंतर लय अचानक उचलली जाते, ती जागा शांत खोलीतच ऐकण्यासारखी आहे.

सर्वांत मोठी चूक 'सप्टेंबर गर्ल्स'बाबत होते. बँडचे नाव घेताच प्रत्येक जण हेच गाणे सुचवतो. 'बँगल्स' या बँडने ते १९८६ च्या अल्बममध्ये पुन्हा गायले, म्हणून काहींच्या कानांवर ते आलेलेही असते. ते अल्बममध्ये दहावे आहे आणि तीन मिनिटांच्या आत संपते. नऊ खडबडीत गाण्यांतून चालत आल्यावर ते लागते, तेव्हा त्याच्या गिटारीचा उजेड डोळ्यांवर येतो. तेच सुटे ऐकले तर एक छानसे पॉप गाणे वाटते आणि गोष्ट तेथेच राहते. त्यानंतरची दोन गाणी दीड-पावणेदोन मिनिटांची आहेत. त्यांना अपुरी समजून वगळू नये, कारण दार हळूच लोटून घ्यावे तसा अल्बम त्यांनीच संपतो.

चौथी पायरी येथे जशीच्या तशी पुन्हा करावी.

पायरी ७ : तिसरा अल्बम

'थर्ड' या नावाने, आणि काही आवृत्त्यांवर 'सिस्टर लव्हर्स' या नावानेही, जो अल्बम मिळतो त्याचे ध्वनिमुद्रण १९७४ मध्ये झाले आणि तो बाजारात १९७८ साली आला. बँडमध्ये तोवर चिल्टन आणि ड्रम वाजवणारा स्टीफन्स एवढेच उरले होते. गाण्यांचा अंतिम क्रम बँडने कधी ठरवलाच नाही, त्यामुळे प्रत्येक आवृत्तीत गाण्यांची संख्या आणि क्रम वेगळा आढळतो.

म्हणून एकच आवृत्ती निवडावी आणि महिनाभर तिलाच धरून राहावे. कोणती आवृत्ती खरी, या वादात पडू नये. २०१६ साली निघालेला 'कंप्लीट थर्ड' हा तीन सीडींचा संच ॲपवर सर्वांत वर दिसला तरी त्यापासून सुरुवात करू नये. त्यात कच्ची मुद्रणे आणि निरनिराळी मिश्रणे आहेत, आणि मूळ गाणे कानांत बसण्यापूर्वी त्याचे चार कच्चे खर्डे ऐकण्यात काही हशील नाही.

सावधान : या अल्बममधील काही गाणी अतिशय उदास आणि विस्कटलेली आहेत, व्हायोलिनचे सूर आणि मध्येच थांबणारा आवाज यांमुळे आपलेच उपकरण बिघडले की काय अशी शंका येते. उपकरण ठीक असते. मन आधीच खचलेले असेल त्या आठवड्यात हा अल्बम बाजूला ठेवावा. मी तो पहिल्यांदा श्रावणातल्या झडीच्या संध्याकाळी लावला होता आणि चौथ्या गाण्याला बंद केला. नंतर उन्हाच्या सकाळी, गंगापूर रोडने सोमेश्वरपर्यंत पायी जाताना तोच पूर्ण ऐकला गेला.

पायरी ८ : फांद्या

तिन्ही अल्बम झाल्यावरच इकडे वळावे, आणि एका वेळी एकच फांदी धरावी. बेल १९७८ च्या डिसेंबरात मोटार अपघातात गेला. त्याची स्वतंत्र गाणी 'आय ॲम द कॉस्मॉस' या नावाने अल्बमच्या रूपात १९९२ मध्ये निघाली. ज्यांना पहिला अल्बम सर्वाधिक आवडला त्यांनी ही फांदी धरावी. ज्यांना चिल्टनबद्दल कुतूहल आहे त्यांनी त्याच्या आधीच्या 'बॉक्स टॉप्स' या बँडचे १९६७ चे 'द लेटर' ऐकावे. ते गाणे अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेले होते, म्हणजे हा माणूस सोळाव्या वर्षी रेडिओवर सतत वाजत होता. मात्र त्यातील घोगरा आवाज आणि 'थर्टीन'मधील आवाज एकाच गळ्यातले आहेत हे ओळखणे अवघड जाते. १९९३ चा पुनर्मीलनाचा थेट कार्यक्रम आणि २००५ चा 'इन स्पेस' शेवटी ठेवावेत.

पायरी ९ : दुसऱ्याला ऐकवणे

उत्साहाच्या भरात दहा लिंक एकदम पाठवल्या जातात आणि समोरचा एकही उघडत नाही. बँडवर कसा अन्याय झाला हे आधी सांगू नये. ऐकणाऱ्याला मग कर्तव्य म्हणून आवडवून घ्यावे लागते. समोरच्याच्या स्वभावाप्रमाणे एकच गाणे निवडावे : भावगीते ऐकणाऱ्याला 'थर्टीन', जोरकस ठेका आवडणाऱ्याला पहिल्या अल्बममधील तिसरे गाणे. ते गाडीत किंवा घरी चहाच्या वेळी नाव न सांगता लावावे, आणि गप्पा चालू ठेवाव्यात. पुढच्या भेटीत तेच गाणे पुन्हा लावावे, तेव्हाही काही बोलू नये. तिसऱ्या-चौथ्या भेटीत "हे मागेही वाजत होतं ना, कोणाचं आहे?" असा प्रश्न आला, की बँडचे नाव आणि पहिल्या अल्बमचे नाव सांगावे, आणि हॅशचे चिन्ह कसे टाकायचे तेही.